वय सांगा, मग माप

अण्णा कुठल्याही पोराला नाव विचारत नाहीत, वय विचारतात. पोरानं चार बोटं दाखवली आणि मागून आई म्हणाली, "पाचवं लागलंय हो गेल्या महिन्यात," की अण्णा मान हलवतात आणि वहीत चारच लिहितात. "लागलेलं वय शाळेच्या दाखल्याला चालतं वहिनी, अंगरख्याला चालत नाही." मग गळ्यातली टेप काढून ते पोराभोवती एक संथ फेरी मारतात. कॉलरमध्ये दोन बोटं घालून बघतात, काखेत चिमटा घेतात, पोराला उकिडवं बसवतात, उठवतात, दोन्ही हात वर करायला लावतात. पोराला वाटतं पोलीसभरती चालली आहे. शेवटी शिंप्याला हुकूम सुटतो, "बाहीला दोन इंच माया ठेव. हे पोरगं जानेवारीपर्यंत थांबणाऱ्यातलं दिसत नाही."

प्रत्येक मराठी मंडळात असा एक माणूस असतो. इंदूरला असतो, बडोद्याला असतो, दिल्लीत तर वसाहतीगणिक असतो. नाटक कुणी बसवलं, भाषण कुणी केलं हे लोक विसरतात. रंगपटात एका कोपऱ्यात, स्वेटरच्या कडेला सेफ्टी पिनांची रांग टोचून बसलेला हा इसम मात्र दरवर्षी तिथेच असतो, आणि दरवर्षी कुणाच्या तरी आईशी त्याचं वाजलेलं असतं.

आमचे अण्णा पानिपतचे. म्हणजे मूळचे सोलापूरचे. वीव्हिंग मास्तर म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. सोलापुरी चादरीच्या स्वस्त नकला काढून सोलापूरच्या यंत्रमागवाल्यांच्या तोंडचं पाणी पळवलं ते याच गावानं, आणि त्याच गावात अण्णांनी उभी नोकरी काढली. याबद्दल त्यांना अजून थोडं अवघडल्यासारखं होतं. घरात अंथरायला मात्र खरी सोलापुरीच. पाहुणा आला की चादरीचा कोपरा उलटून दाखवतात, "हे बघ बे, दोन्हीकडनं सारखं. इथली असती तर मागनं दोरे लोंबले असते." हे वाक्य ते दार लोटून घेऊन, आवाज खाली आणून म्हणतात. शेजारी ब्लँकेटचे कारखानदार राहतात.

आमच्या मंडळात बदली होऊन आलेले आणि बदलीची वाट बघणारे अशी दोन प्रकारची माणसं आहेत. रिफायनरीतली काही, गिरण्यांतली काही, विटा-आटपाडीकडून सोनं गाळायच्या धंद्यात उत्तरेला आलेली काही. वर्षभर कुणाचं कुणाला तोंड दिसत नाही. 14 जानेवारीला मात्र सगळ्यांना एकत्र यावंच लागतं. 1761 साली याच तारखेला जे झालं ते झालं. दरवर्षी त्या दिवशी शहराबाहेर काला अंबच्या स्मारकावर शौर्यदिन होतो. महाराष्ट्रातून बसगाड्या येतात. स्वतःला रोड मराठा म्हणवणारी, त्या लढाईतून मागे राहिलेल्यांचं रक्त सांगणारी हरियाणवी मंडळी कर्नाल-सोनिपतकडून पागोटी बांधून येतात. पुढारी येतात. 2025 साली मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आले होते. या सगळ्यात आमच्या मंडळाचा वाटा एवढाच, की दहा-बारा पोरं ऐतिहासिक पोशाखात मिरवणुकीत चालवायची. चालवायचं काम कुणीही करतं. पोशाखाचं खातं अण्णांकडे.

पूर्वी दिल्लीहून भाड्याची ड्रेपरी यायची. त्या पेटाऱ्यात दोनच मापं असत, मोठं आणि फार मोठं. जिरेटोप म्हणून रामलीलेचा मुकुट निघायचा. अण्णांनी एका वर्षी पेटारा उघडला, आतून मिशांची एक माळच बाहेर आली, सगळ्या एकाच जाडीच्या. त्यांनी पेटारा तसाच बंद करून परत पाठवला आणि घरी मशीन मांडली. तेव्हापासून त्यांचा इतिहासाशी जो संबंध आला तो असा, वयाच्या बाजूनं. लढाई का हरलो, बुणगे बरोबर न्यावेत की नाही, सुरजमल जाट का फिरला, यावर मंडळात रात्र-रात्र वाद होतात. अण्णा त्यात पडत नाहीत. त्यांच्या वहीत नुसती वयं आहेत. सदाशिवरावभाऊ तीस. मल्हारराव होळकर सदुसष्ट. जनकोजी शिंदे पंधरा-सोळा. विश्वासराव अठरा. पुढे छाती, कंबर, उंची यांचे रकाने.

दाढीचा प्रसंग आमच्याकडे अजून सांगितला जातो. गुडगावहून एक जोडपं साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन आलं होतं. पोरगं जिरेटोपात गोड दिसत होतं, पण हनुवटीला टोकदार काळी दाढी चिकटवलेली.

"काय बे हे?" अण्णांनी विचारलं.

"बाल शिवाजी," वडील म्हणाले.

"बाल?"

"हो."

"मग हे काय?"

यावर आई म्हणाली, "अण्णा, दाढीशिवाय महाराज ओळखू कसे येणार?" मुद्दा बिनतोड होता. अण्णासुद्धा क्षणभर गप्प झाले. मग खिशातून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढून (ती त्या दिवशी त्यांच्या खिशात असतेच) त्यांनी हलक्या हातानं दाढी सोडवून घेतली. पोरानं भोकाड पसरलं, कारण सगळ्या पोशाखात त्याला आवडलेली तेवढी एकच गोष्ट होती. अण्णांनी ती दाढी कागदात गुंडाळून त्याच्याच खिशात ठेवली. "सोळा वर्षांनी लाव. तुझीच आहे."

त्याच वर्षी बाल शिवाजींना जिजाऊ मिळाल्या त्या सात वर्षांच्या. आई आणि मुलात साडेतीन वर्षांचं अंतर! अण्णांनी त्या चिमुरडीच्या अंगावरची तयार नऊवारी, ओठांवरचं लिपस्टिक, आजीचा लक्ष्मीहार हे सगळं बघितलं आणि कपाळावर हात मारला. नथीनं तिचं नाक लाल झालं होतं. "नथ दाबाची आहे अण्णा, टोचत नाही," आई म्हणाली. "तुम्ही घाला," अण्णा म्हणाले. वाद वाढला आणि अखेर आईला स्वतःच जिजाऊ व्हावं लागलं. मुलीला परकर-पोलकं आणि वर लोकरीची शाल मिळाली. ती पुढे दिवसभर मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे पळत होती. आता ती घोड्यावर बसते. भाला धरायला दोन्ही हात लागतात म्हणून लगाम दुसऱ्याच्या हातात, एवढंच.

पानिपतचा जानेवारी ज्यांनी पाहिला नाही त्यांना अण्णांचा खरा प्रश्न कळणार नाही. सकाळी धुकं इतकं असतं की जीटी रोडवरचे ट्रक आधी ऐकू येतात, मग दिसतात. आणि आमच्या आयांना फोटोत अंगरखा हवा पांढराशुभ्र, मलमलचा, झुळझुळीत. स्वेटर वर दिसला तर मावळा कसला? आत घातला तर मावळा फुगतो. या पेचावर अण्णांनी जो तोडगा काढला तो फक्त याच गावात निघू शकतो. जगभरच्या लोकांनी टाकून दिलेले लोकरीचे कपडे पानिपतला येतात. कांडला बंदरातून गाठोडी निघतात ती इथे येऊन सुटतात. बायका ओळीनं बसून बटणं, चेन, लेबलं काढतात, रंगांचे ढीग लावतात, मग ते पिंजून त्याचं पुन्हा सूत होतं आणि त्या सुताची ब्लँकेटं. अशाच एका ओळखीच्या गोदामात अण्णा डिसेंबरात दोन दिवस बसतात आणि पोरांच्या मापाचे स्वेटर निवडून आणतात. ते उसवून अंगरख्याला आतून अस्तर लावतात. बाहेरून मलमल, आत लोकर. आमच्या चिरंजीवांचा जनकोजी शिंदे गेल्या वर्षी आतून गडद निळा होता, आणि पाठीवर कुठल्यातरी इंग्रजी शाळेचं चिन्ह होतं. घोड्यावर बसताना वारा आला तेव्हा ते अर्धा क्षण दिसलं. अण्णांनी लगेच पुढे होऊन घोळ खाली ओढला.

"अण्णा, हे इतिहासाला धरून आहे का?" कुणीतरी खोचकपणे विचारलं.

"थंडी इतिहासाला धरून आहे की," अण्णा म्हणाले.

अंगरख्याला बटण नको, बंदच हवेत, यावर मात्र ते ठाम. बंदाची गाठ डाव्या बाजूला की उजव्या, यावर त्यांनी पुण्याला फोन लावून एका अभ्यासकाला रात्री साडेदहाला उठवलं होतं. पण बंदांच्या खाली, दिसणार नाही अशी, त्यांनी वेल्क्रोची पट्टी लावलेली असते. त्याचं कारण शू-परीक्षा. पोशाख शिवून झाला की प्रत्येक पोराला ती द्यावी लागते. अण्णा हातात मोबाइलचं घड्याळ धरून न्हाणीघराच्या दाराशी उभे राहतात आणि ओरडतात, "लागली!" पोरानं शेला, कमरबंद, तलवार, सुरवार असा सगळा सरंजाम एकट्यानं सोडवून आत पोहोचायचं. जो वेळेत पोहोचला नाही त्याचा पोशाख परत मशीनवर. नाड्या असलेल्या सुरवारीत आमचे दोन सरदार ऐन मिरवणुकीत पडले होते. पानिपतावरची ती हानी कुठल्या बखरीत नाही, पण अण्णांच्या वहीत आहे.

अण्णांची सून इंग्लंडात असते. ती त्यांना तिकडच्या राजघराण्यातल्या पोरांचे फोटो पाठवते, आणि अण्णा ते दाढी करता करता, चष्मा कपाळावर चढवून, बोटांनी मोठे करकरून बघतात. राजकारण नाही, राजेशाही नाही, फक्त कपडे. 2021 च्या जूनमध्ये इंग्लंड-जर्मनी फुटबॉल सामन्याला सात वर्षांचा जॉर्ज सूट-टाय घालून बापाशेजारी बसला होता. सभोवती माणसं टी-शर्टात बेभान झालेली आणि हे पोरगं बापाची छोटी आवृत्ती होऊन गोलाला टाळ्या वाजवतंय. पुढच्या वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्याला पुन्हा तेच, जुलैचं ऊन आणि गळ्याला टाय. अण्णा दोन दिवस अस्वस्थ होते. "पोरगं आहे की बँक मॅनेजर?" हे त्यांनी मला, दूधवाल्याला आणि शेजारच्या कारखानदारांना वेगवेगळं ऐकवलं. कारखानदार म्हणाले, "अण्णा जी, राजा का छोरा सै." अण्णा म्हणाले, "छोरा है ना? वही तो बोल रहा हूँ."

त्याच 2022 च्या जूनमध्ये राणीच्या सोहळ्यात चार वर्षांचा धाकटा लुई खलाशी पोशाखात सज्जात आला, विमानं डोक्यावरून गेली तसे त्यानं दोन्ही कान गच्च झाकले आणि बोंब ठोकली. जगभर हसं झालं. अण्णांना मात्र तो फोटो फार आवडतो. त्यांच्या मते पोशाख जमला की नाही याची ती खरी खूण. त्या कपड्यात पोराला हात वर नेता आले, कान झाकता आले, बोंबलता आलं, अजून काय पाहिजे? शिवाय तिकडे 1846 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलाला खलाशाचा पोशाख शिवला तेव्हा तोही चारच वर्षांचा होता, हे कळल्यापासून अण्णा इंग्रजांच्या शिंप्यांबद्दल थोडं आदरानं बोलतात.

आपल्याकडच्या राजपुत्रांबद्दल त्यांची मतं अधिक जहाल आहेत. सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा ते चाळीस दिवसांचे होते. 1774 साल, पुरंदर किल्ला, साताऱ्याहून वस्त्रं आलेली, नाना फडणीस आणि बारभाईंचा सगळा डाव त्या बाळाभोवती. इतिहासाचा प्राध्यापक यावर तासभर बोलेल. अण्णांचा प्रश्न एकच, "माप कुणी घेतलं?"

किंवा आग्रा. 12 मे 1666. महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं, खिलत दुसऱ्यांना वाटल्या, महाराज संतापले, हे आपण शाळेत शिकलो. अण्णा म्हणतात, शेजारी आठ वर्षांचे संभाजीराजे होते ते बघा. आग्र्याचा मे महिना, दरबारी भरजरी कपडे, इतक्या मोठ्यांची गर्दी, आणि कुठेही बसायला जागा नाही. "पाणी तरी विचारलं असेल का बे कुणी?" असं म्हणून ते खरोखर उत्तराची वाट बघतात. पुढे 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा युवराज सतरा वर्षांचे, सिंहासनाच्या खालच्या पायरीवर बसलेले, इंग्रज वकील ऑक्झिंडेननं लिहून ठेवलंय. त्याबद्दल अण्णांची तक्रार नाही. सतरा म्हणजे भरजरी पेलतं. राजाराम महाराज चार वर्षांचे होते. "ते झोपलेच असणार," अण्णा ठामपणे सांगतात. याला आधार काय, असं त्यांना विचारू नये.

त्यांचा सगळ्यात लाडका सिद्धांत सयाजीराव गायकवाडांचा. मालेगावजवळच्या कवळाण्याचं शेतकऱ्याचं पोर, बाराव्या वर्षी बडोद्याला दत्तक गेलं. दीड-पावणेदोन वर्षांत, 1 जानेवारी 1877 ला, दिल्लीच्या पहिल्या दरबारात संस्थानिक म्हणून हजर. वय तेरा. दिल्लीचा जानेवारी, अंगावर गायकवाडांचं जवाहीर. त्यानंतर 1911 चा दरबार, तोही दिल्लीलाच. या वेळी सयाजीराव जवाहीर न घालता साध्या पांढऱ्या पोशाखात गेले, बादशहाला एकदाच लवले आणि पाठ करून परतले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी केवढं आकांडतांडव केलं! लोक म्हणतात राष्ट्राभिमान, लोक म्हणतात निषेध, कुणी म्हणतं नजरचूक. अण्णांचं म्हणणं वेगळंच आहे. "तेरा वर्षांच्या पोराला दागिने टोचले असणार. चौतीस वर्षं डोक्यात ठेवलं त्यानं." मी हसतो. पण त्याच 1911 च्या दरबारात संस्थानिकांची लहान पोरं राजाराणीच्या झग्यांचे घोळ धरून चालली होती, त्यांचे फोटो अण्णांनी मला दाखवले आहेत, आणि ते चेहरे बघून हसू जरा कमी येतं.

या सगळ्या आग्रहाची कसोटी लागली ती विश्वासरावांच्या वेळी. विश्वासराव म्हणजे पेशव्यांचा थोरला मुलगा, नावाचा सरसेनापती, देखणेपणासाठी शत्रूच्या गोटातही बोलला गेलेला. ही भूमिका सगळ्यांनाच हवी असते. त्या वर्षी ती आमच्या मोठ्या देणगीदारांना हवी होती. एका ब्लँकेट कारखान्याचे मालक, वय बावन्न, पोट अण्णांच्या टेपेच्या बाहेर जाणारं, मिशी खरी आणि भरघोस. अध्यक्षांनी डोळ्यांनी खुणावलं, जाऊ द्या, मंडपाचा खर्च तेच करताहेत. अण्णांनी टेप गुंडाळली.

"लालाजी, विश्वासराव अठरा साल का था."

"तो के हो ग्या?"

"मिसरूड होती. ही मिशी आहे."

मिसरूड आणि मिशी हा भेद हिंदीत सांगताना अण्णांची दमछाक झाली. शेवटी त्यांनी लालाजींना मल्हारराव होळकर देऊ केले. ज्येष्ठ, अनुभवी, दमदार, मिशीसकट. लालाजी खूश होऊन गेले. तासाभरात फोन आला. त्यांच्या मुलानं इंटरनेटवर वाचलं होतं, की मल्हारराव त्या दिवशी रणांगणातून निघून गेले होते. लालाजी चिडले होते. अण्णा शांतपणे म्हणाले, "वही तो सुविधा है लालाजी. आप को बारह बजे फॅक्टरी जाना है ना? बाकी किसी को जाने को नहीं मिलता." लालाजींनी क्षणभर विचार केला आणि होकार दिला. त्या वर्षी मल्हारराव ठीक बाराला निघाले, सगळ्यांना हात करून.

मिरवणूक संपली की संक्रांत असतेच. मंडळाच्या सभागृहात तीच पोरं तलवारी टाकतात आणि धाकट्यांना काळे झबले चढवून, हलव्याचे दागिने घालून बोरन्हाणाला बसवतात. जो सकाळी बाल शिवाजी तो दुपारी कृष्ण. अण्णा तिथेही हजर. हलव्याचा मुकुट डोक्याला घासू नये म्हणून आतून त्यांनी फलाटीनची पट्टी लावलेली असते. बाजूबंदांना दोरा नाही, इलॅस्टिक. बोरं, ऊस, चुरमुरे डोक्यावरून पडायला लागले की बाळ आधी बावरतं, मग स्वतःचाच बाजूबंद चाटायला लागतं. अण्णा आयांना सांगतात, "चाटू द्या. राजाला भूक लागली की राजानं दागिने खावेत." तिळगूळ घेताना ज्या-ज्या वहिनींशी सकाळी भांडण झालं, त्या सगळ्यांकडे ते आपणहून जातात, गोड बोलतात आणि बोलता बोलता पुढच्या वर्षीचं वय लिहून घेतात.

कारण आमच्याकडे भूमिका मागून मिळत नाही, वयानं मिळते. मावळा, मग जनकोजी, मग विश्वासराव, अशी शिडी आहे. अण्णांनी एका पोराला बाल शिवाजीपासून चढवत आणलं. तो गेल्या दोन वर्षांचा आमचा विश्वासराव, दिसायलाही छान, घोडाही नीट धरतो, आणि मिरवणुकीनंतर त्याच्याबरोबर फोटो काढायला कॉलेजातल्या मुलींची रांग लागते. यंदा नोव्हेंबरात तो माप द्यायला आला. अण्णांनी वही उघडली.

"वय काय?"

"अण्णा, माहितीय की तुम्हाला."

"वय काय बे?"

"एकोणीस."

अण्णांनी वही मिटली. "विश्वासरावांना एकोणिसावं पुरं झालंच नाही. उतर आता."

पोरगं हिरमुसलं. तो पाचव्या वर्षापासून इथे येतोय, अण्णांशी भांडायचा त्याला हक्क आहे. त्यानं वही उलटी फिरवून वयांचा रकाना वाचला. "मग माझ्यासाठी पुढचा कोण? भाऊसाहेब तर तीस वर्षांचे आहेत! अकरा वर्षं मी करू काय?"

"मिशी वाढव," अण्णा म्हणाले. "आणि त्या घोडेवाल्याला फोन कर, यंदा पाचशे जास्त मागतोय."